याएसू व्हीएक्स-६आर: कॉम्प्युटरशिवाय प्रोग्रॅम होणारा सेट

मल्टिबँड हँडहेल्ड, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एकापेक्षा जास्त पट्ट्यांवर (बँडवर) चालणारा हातातला रेडिओ सेट, घेताना लोक आधी वॉट विचारतात, मग बँड किती ते विचारतात. माझ्याकडे कोणी सल्ला मागितला की मी उलट विचारते: कॉम्प्युटर जवळ नाही, केबल नाही, हातात नुसता सेट आहे आणि समोर एक अनोळखी रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल घेऊन तो जोरात पुन्हा सोडणारं केंद्र, आहे. तो मेमरीत भरायला तुम्हाला किती वेळ लागेल? बऱ्याच सेटचे मालक इथे गप्प होतात. व्हीएक्स-६आर मला आवडतो तो मुख्यतः या एका कारणासाठी, आणि खाली त्याच्या ज्या उणिवा लिहिल्या आहेत त्या वाचतानाही हे कारण लक्षात असू द्या.

सेट जुना आहे. २००५ च्या आसपास आला. त्यानंतर हँडहेल्डमध्ये जीपीएस आलं, डिजिटल आवाज आला, रंगीत पडदे आले, यूएसबीवर चार्जिंग आलं. यातलं यात काहीच नाही. साधा एफएम सेट, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं अंग, तळहातात मावेल एवढा आकार. तीन फूट पाण्यात अर्धा तास टिकतो असं कंपनी सांगते; त्यासाठी बाजूच्या जॅकांची रबरी झाकणं नीट दाबलेली हवीत. पाण्यातून काढल्यावर आवाज घुसमटल्यासारखा येतो, कारण स्पीकरच्या जाळीत पाणी अडकलेलं असतं. सेट बंद करून जाळी खाली धरून झटकायची, मग पूर्ववत.

आता बँड. खोक्यावर तीन लिहिलेले: १४४, २२२ आणि ४३० मेगाहर्ट्झ. पहिल्या आणि तिसऱ्यावर ५ वॉट, मधल्यावर १.५. पण २२२ चा पट्टा हॅमना (परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांना) मिळतो तो मुख्यतः उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत, आणि युरोपसाठी निघालेल्या आवृत्तीत त्या पट्ट्यावर प्रसारणच नाही. म्हणजे जगातल्या बहुतेकांसाठी हा दोन बँडांचाच सेट. तिसऱ्या बँडसाठी जास्त पैसे मोजण्याआधी आपल्या परवान्यात तो आहे का ते बघा. आणि परवाना नसेल तर कुठल्याच बँडवर पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबू नका.

ऐकायला मात्र हा पसरट आहे. अर्ध्या मेगाहर्ट्झपासून ९९९ पर्यंत, मोबाइल फोनचे काही तुकडे काही आवृत्त्यांत वगळून. विमानांचं एएम, एफएमची गाणी, शॉर्टवेव्हवरच्या बातम्या. शॉर्टवेव्हचं फार मनावर घेऊ नका. रबरी अँटेनावर रात्रीची दणदणीत स्टेशनंच लागतात. पण व्हीएचएफवर याचा रिसीव्हर खरोखर चांगला आहे. आत डबल सुपरहेटरोडाइन आहे, म्हणजे येणारा सिग्नल दोन टप्प्यांत फ्रिक्वेन्सी बदलून गाळणारी रचना. सगळा रेडिओ एका चिपवर बसवलेले स्वस्त सेट जवळच्या जोरकस सिग्नलने पटकन भांबावतात: मोबाइलच्या टॉवरखाली किंवा दुसऱ्या हॅमशेजारी उभं राहिलं की त्यांचा रिसीव्हर बहिरा होतो आणि दूरचा माणूस गायब. तशा जागी हा सेट बराच शांतपणे काम करतो.

हाताने प्रोग्रॅम करायचं कसं, ते एकदा सांगते. व्ही/एम बटणाने व्हीएफओत (हवी ती फ्रिक्वेन्सी थेट लावायच्या स्थितीत) या, आकडे दाबून रिपीटरची आउटपुट फ्रिक्वेन्सी, म्हणजे ज्यावर तो ऐकू येतो ती, टाका. दोन मीटरवर (१४४ च्या बँडवर) रिपीटरच्या ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर साधारणपणे ६०० किलोहर्ट्झ असतं आणि कोणत्या भागात वर जायचं, कोणत्या भागात खाली, हे सेट आपोआप लावतो. ७० सेंटिमीटरवर (४३० च्या बँडवर) मात्र प्रत्येक प्रदेशाचा वेगळा संसार, कुठे ५ मेगाहर्ट्झ, कुठे ७.६, तिथे सेटच्या अंदाजावर विसंबू नका, मेनूत जाऊन आकडा स्वतः बघा. मग टोन लावायचा (तो काय ते पुढे सांगते). मग एफ/डब्ल्यू बटण सेकंदभर दाबून धरायचं, चॅनेलचा आकडा लुकलुकू लागतो, डायल फिरवून रिकामी जागा निवडायची आणि तेच बटण पुन्हा टिचकीसारखं दाबायचं. झालं. बोटांना सवय झाली की रिपीटरवाल्याने आकडे सांगून संपेपर्यंत चॅनेल भरलेला असतो.

टोनमध्ये नवे लोक हमखास अडकतात, म्हणून तिथे थोडं थांबते. सीटीसीएसएस म्हणजे आवाजाखाली सतत वाजणारा बारीक सूर, ६७.० ते २५४.१ हर्ट्झच्या दरम्यानचा. रिपीटर तो ऐकून ठरवतो की तुम्हाला आत घ्यायचं की नाही. सेटमध्ये याचे दोन प्रकार दिसतील. नुसत्या ‘टोन’मध्ये तुमचा सेट सूर पाठवतो आणि कानावर सगळं येऊ देतो. ‘टीएसक्यूएल’मध्ये पाठवतोही आणि समोरून तोच सूर आला नाही तर स्पीकर बंद ठेवतो. रिपीटर आपल्या आउटपुटवर सूर सोडत नसेल तर टीएसक्यूएल लावलेला सेट मुका वाटतो. सिग्नलचा मीटर नाचतोय आणि आवाज नाही. नवा रिपीटर भरताना आधी टोनच ठेवा. तिथे फार खरखर असेल आणि रिपीटर सूर परत देतोय याची खात्री असेल, तरच टीएसक्यूएल.

माझ्या मते या सेटची खरी मौज स्प्लिट मेमरीत आहे, म्हणजे ऐकायची फ्रिक्वेन्सी एक, बोलायची दुसऱ्याच बँडवरची. आधी ऐकायची फ्रिक्वेन्सी नेहमीसारखी साठवायची. मग बोलायची फ्रिक्वेन्सी लावून तोच चॅनेल निवडायचा आणि शेवटचं बटण दाबताना पीटीटी धरून ठेवायचा. पीटीटी दाबलं म्हणून इथे प्रसारण होत नाही, घाबरू नका. हे जमलं की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा रिपीटर तुमच्या आवाक्यात आला. तो चालू असतो तेव्हा १४५.९९० वर ६७.० च्या टोनसह बोलायचं आणि ४३७.८०० वर ऐकायचं.

मात्र स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर धावत असतं, त्यामुळे डॉप्लर परिणामाने (धावत्या वस्तूकडून येणाऱ्या लहरींची फ्रिक्वेन्सी बदलते, त्याने) तिथून आपल्याकडे येणारी फ्रिक्वेन्सी सरकते. क्षितिजावरून वर येताना ती सुमारे १० किलोहर्ट्झ वर असते, मावळताना तेवढीच खाली. म्हणून मी ओळीने पाच चॅनेल भरून ठेवले आहेत: ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५, ४३७.७९०. प्रत्येकाची बोलायची फ्रिक्वेन्सी तीच. दोन मीटरवर डॉप्लर साडेतीन किलोहर्ट्झच्या आत राहतो, एफएमला तेवढं चालतं. स्थानक डोक्यावरून जाताना डायल एकेक खाच फिरवत राहायचं. एसओ-५० हा छोटा उपग्रहही असाच: १४५.८५० वर बोला, ४३६.७९५ च्या आसपास ऐका. त्याला मात्र आधी ७४.४ चा टोन सोडून दहा मिनिटांसाठी जागं करावं लागतं आणि नंतर बोलताना ६७.० लावायचा. म्हणजे त्याच्यासाठी एक जास्तीचा चॅनेल राखून ठेवा.

आता या सेटची मोठी उणीव. याला रिसीव्हर एकच आहे. तुम्ही बोलत असता तेव्हा खाली येणारा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. उपग्रहावर हा खरा तोटा आहे, कारण आपण पोचतोय की दुसऱ्याच्या बोलण्यावर चढतोय ते कळत नाही. ड्युअल वॉच नावाची सोय आहे, पण ती दोन ठिकाणी आळीपाळीने डोकावण्याची सोय आहे, दोन्हीकडे एकाच वेळी कान ठेवण्याची नव्हे. रोज दोन रिपीटर एकदम ऐकायची ज्याला सवय आहे, त्याने दुसरा सेट बघावा. आमच्या गटातले एक ओएम (‘ओल्ड मॅन’, हॅम लोकांत सहकाऱ्याला असं म्हणतात) याच कारणासाठी याला नाक मुरडतात आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबर आहे.

केबल लावून प्रोग्रॅम करायचं तर चर्प हे सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि या सेटशी त्याचं जमतं. सेट बंद करायचा, केबल माइकच्या जॅकमध्ये लावायची, एफ/डब्ल्यू धरून सेट चालू करायचा. पडद्यावर ‘क्लोन’ येतं. मग सेटमधून कॉम्प्युटरकडे न्यायला बँड बटण, कॉम्प्युटरकडून सेटमध्ये घ्यायला व्ही/एम. सेटमधून पहिल्यांदा जे वाचलं जाईल ती फाइल तशीच बाजूला जपून ठेवा आणि बदल तिच्या प्रतीवर करा. लोक आपापल्या चॅनेल-याद्या एकमेकांना पाठवतात. दुसऱ्या प्रदेशातली यादी आंधळेपणाने भरू नका. एकीकडचा हॅमचा रिपीटर दुसरीकडे कुणाच्या तरी सरकारी सेवेची फ्रिक्वेन्सी असू शकतो.

केबलबद्दल एक तक्रार आहे, ती सेटची नाही. मला मिळालेल्या स्वस्त केबलमधली यूएसबीची चिप नकली निघाली आणि कॉम्प्युटरच्या नव्या ड्रायव्हरने तिला ओळखच दिली नाही. शिवाय या सेटचा जॅक चार कड्यांच्या प्लगचा आहे; स्वस्त सेटना चालणारी दोन पिनांची केबल इथे बसणारच नाही. घेताना मॉडेलचं नाव सांगून घ्या.

जागा ९०० आहेत आणि त्या २४ बँकांमध्ये वाटता येतात. एवढ्या जागा बघून हाव सुटते. सगळे बँड भरून टाकलेला सेट मी हातात घेतला आहे. हवा तो चॅनेल शोधेपर्यंत बोलणारा माणूस निघून जातो. मी बँडप्रमाणे न लावता कामाप्रमाणे लावते. पहिल्या बँकेत रोजचे रिपीटर, दुसरीत सिंप्लेक्स (रिपीटरशिवाय थेट बोलायचे चॅनेल), तिसरीत उपग्रह, चौथीत फक्त ऐकायचं. जिथे सतत खरखर किंवा डेटाची किरकिर असते ते चॅनेल स्कॅनमधून वगळून ठेवायचे, नाहीतर स्कॅन तिथेच अडकून बसतो. नावांसाठी फक्त सहा अक्षरं मिळतात, तीही रोमन. सहा अक्षरांत जागेचं नाव बसवताना स्वर गाळायची कला आपोआप येते.

मेनूतल्या काही गोष्टी पहिल्याच दिवशी बदला. प्रसारणाची वेळमर्यादा तीन मिनिटांच्या आसपास ठेवा, म्हणजे बॅगेत पीटीटी दाबला गेला तर अख्खा रिपीटर अडून राहणार नाही. बॅटरी वाचवणारा रिसीव्ह सेव्ह रोजच्या ऐकण्याला ठीक, पण उपग्रहाच्या वेळी बंद करा; सेट डुलकीत असला की समोरच्याच्या कॉलसाइनचं (परवान्यावरच्या ओळखचिन्हाचं) पहिलं अक्षर हमखास कापलं जातं.

बॅटरी ७.४ व्होल्ट, १४०० मिलिअँपिअर-तास. ऐकण्यात ती चांगली पुरते, ५ वॉटवर बडबड केली तर झपाट्याने उतरते. खरं तर ५ वॉटची गरज क्वचितच पडते. ५ वरून २.५ वर आलं तर फरक ३ डेसिबलचा, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर अर्धा एस-युनिट (सिग्नलचा जोर मोजायचं एकक). त्याला तो जाणवणारही नाही. सगळ्यात खालची पायरी ०.३ वॉटची, तिथेही घट साधारण दोनच एस-युनिटची. रिपीटर डोळ्यांना दिसत असेल तर मी तिथेच राहते. दोन एए सेलचा डबा वेगळा मिळतो, त्यावर शक्ती अगदीच थोडी, पण अडीअडचणीला हाक मारता येते.

सोबत येणारी रबरी अँटेना काम चालवते, त्यापलीकडे तिची स्तुती करवत नाही. दोन मीटरवर पाव तरंगलांबीची अँटेना साधारण अर्धा मीटर भरते. एवढीशी रबरी काडी तिची बरोबरी कुठून करणार? लांब व्हिप (लवचीक काडीसारखी अँटेना) लावा. आणखी एक जुनी युक्ती आहे: सुमारे ४९ सेंटिमीटरची लवचीक तार अँटेनाच्या बुडाशी, बाहेरच्या धातूला लावून खाली लोंबती सोडायची. दोन मीटरवर सिग्नल खरोखर वाढतो आणि खर्च तारेपुरता. अँटेना बसते तो एसएमए जोड मात्र नाजूक असतो. लांब अँटेना आडवी ओढली गेली तर ताण थेट त्यावर येतो, म्हणून रुंद बैठकीचा अ‍ॅडॉप्टर लावून पुढे बीएनसी या मोठ्या जोडावर जा. तो लावलात की वरच्या बाजूच्या पाण्याच्या बंदोबस्तावर फार भरवसा ठेवू नका.

बटणांवरची दुय्यम अक्षरं बारीक आहेत. चष्मा लागलेल्यांना पहिले काही दिवस त्रास होईल, नंतर बघावं लागत नाही.

वापरलेला सेट घेत असाल तर चालू करताना पडद्यावर दिसणारा व्होल्टेज बघा, मग दोनतीनदा ५ वॉटवर पीटीटी दाबून तो किती कोसळतो ते बघा. बॅटरी थकलेली असेल तर तिथेच कळतं. बाजूच्या जॅकांची रबरं चिरलेली असतील तर पाण्याबद्दलचा दावा विसरा. एसएमएची मधली पिन सरळ आहे का आणि डायल फिरवताना एकाच खाचेत दोन चॅनेल उडी मारतोय का, हेही तपासा. एवढं ठीक असेल तर घ्या. एपीआरएस (रेडिओवरून आपलं ठिकाण कळवायची पद्धत), डिजिटल किंवा एकाच वेळी दोन चॅनेल हवे असतील तर हा सेट तुमच्यासाठी नाही.