एका बटणाच्या दुरुस्तीपायी 12,140 रुपये गेले आणि कीबोर्डही गेला

जुन्या संगणकांची दुरुस्ती करून देण्याच्या जाहिराती पाहून आपली वस्तू कुरिअरने अनोळखी माणसाकडे पाठवण्याच्या विचारात जे असतील, त्यांनी आधी हे वाचावे. आगाऊ रक्कम घ्यायची आणि मग एकेक कारण काढून आणखी पैसे उकळायचे, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे, मलाही होता. पण या माणसाने पैशांबरोबर मूळ वस्तूही लांबवली आणि तिच्या जागी भंगार परत पाठवले.

माझ्याकडे आयबीएमचा मॉडेल एम कीबोर्ड होता. मागच्या लेबलवर 1989 सालची तारीख होती, मावसभावाने अमेरिकेहून परतताना तो आणला होता आणि माझे इंग्रजी अनुवादाचे बहुतेक काम त्यावरच झाले. या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग असते. बटण दाबले की ती खणखणीत आवाज करत मध्येच वाकते आणि तिच्या पायाशी असलेला प्लास्टिकचा छोटा तुकडा खालच्या पडद्यावर, म्हणजे विजेच्या रेषा असलेल्या प्लास्टिकच्या पातळ थरावर, आपटतो. एके दिवशी ‘ई’चे बटण आवाज न करता नुसतेच खाली जाऊ लागले. बाकी सगळी बटणे ठणठणीत होती.

जाहिरातीतल्या माणसाने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की लेबलवरचा क्रमांक 1391401 आहे का. क्रमांक तोच होता. मागच्या पत्र्यावरचे प्लास्टिकचे रिव्हेट वयोमानाने तुटतात, त्याऐवजी बारीक नटबोल्ट बसवावे लागतात, हेही त्याने आपणहून सांगितले, आणि ते खरेच आहे. इतके नेमके बोलणारा माणूस ठग असेल अशी शंका कोणाला आली असती? तपासणीचे म्हणून त्याने 1,200 रुपये घेतले. मग आतला पडदा जळला आहे, अख्खा संच अमेरिकेहून मागवावा लागेल, असे सांगून 6,400 घेतले. संच विमानतळावर अडकला म्हणून सीमाशुल्काचे 3,850 घेतले आणि शेवटी परतीच्या कुरिअरचे 690. सीमाशुल्क कोणाच्या खासगी यूपीआय खात्यावर भरत नाहीत. ते कुरिअर कंपनी किंवा टपाल खाते पावती देऊन घेते. पैसे पाठवताना फोनवर दुकानाचे नाव न येता भलत्याच माणसाचे नाव आले, तर तिथेच थांबा. मला त्याने ‘आमच्या अकाउंटंटचे खाते आहे’ असे सांगितले होते.

पण मला खरी चीड येते ती त्या छायाचित्राची. पडदा जळल्याचा पुरावा म्हणून त्याने उघडलेल्या कीबोर्डाचे छायाचित्र पाठवले, आणि त्यात रबराची एक पांढरट चादर होती, तिच्यावर प्रत्येक बटणासाठी एकेक फुगीर टोपी. या टोप्या स्वस्त कीबोर्डात असतात. मॉडेल एममध्ये स्प्रिंगा असतात, आणि त्या मी वर्षानुवर्षे रोज दाबत आलो होतो. तरीही मी ते छायाचित्र मोठे करून पाहिले आणि मान डोलावली, याला कारण आहे: मॉडेल एमच्या आतही पडद्यावर रबराचे एक पातळ आवरण असते, असे मी वाचले होते. ते सपाट असते, त्याला फुगवटे नसतात, हे मात्र मी प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते, कारण त्याचे खोके उघडायला लागणारा साडेपाच मिलिमीटरचा, लांब निमुळत्या तोंडाचा पाना माझ्याकडे नव्हता. छायाचित्रातल्या खोक्याचे स्क्रू तर साधे चौफुलीचे होते. तेही दिसत होते.

परतीचे पार्सल हातात घेताच ते हलके लागले. पाठवतानाच्या पावतीवर वजन 2.6 किलो होते, परतीच्या पावतीवर 1.1. आत कोणतातरी पिवळट पडलेला रबरी कीबोर्ड होता. पावत्या फेकू नका. लेबलचा आणि आतल्या भागांचा फोटो वस्तू पाठवण्यापूर्वीच काढून ठेवा.

यानंतरचा छळ वेगळाच. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘वस्तूची किंमत किती?’ बिल नाही म्हटल्यावर, ‘काका, नवा कीबोर्ड पाचशेत येतो,’ असे सांगून समोरच्या हवालदाराने पुढच्या माणसाला हाक मारली. पुन्हा गेलो तेव्हा दुसऱ्या अधिकाऱ्यांनी समजावले, की वस्तू तुम्ही स्वतः पाठवली, पैसेही स्वतःच दिले, तेव्हा हा दिवाणी वाद आहे. फसवून एखाद्याला स्वतःच्या हाताने मालमत्ता द्यायला लावणे, यालाच भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणूक म्हटले आहे. हे मी त्यांना छापील कागदावर दाखवले, तर म्हणाले की आरोपी परराज्यातला आहे, तिकडे जा. गुन्हा कुठेही घडला असला तरी खबर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे, आणि तीही मी दाखवली. माझ्या हाती फक्त अर्जाची पोच पडली, तीही शिक्का शोधायला लावून. बँकेने एका ओळीत उत्तर पाठवले: व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला आहे, सबब जबाबदारी बँकेची नाही. ज्या खात्यावर पैसे गेले त्या खातेदाराचे काय, यावर उत्तरच नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर शंका आली त्याच तासाला फोन करा. रक्कम खात्यातून पुढे सरकल्यावर ती गोठवणे फार अवघड होते.

संताप आणणारी गोष्ट अशी, की एकच बटण मुके झाले असेल तर पडदा सहसा जळलेला नसतो. रिव्हेट तुटले किंवा पडद्यातली रेष तुटली तर बहुधा शेजारची आणखी बटणेही बिघडतात. एकट्या बटणाची स्प्रिंग बहुतेक वेळा जागेवरून कललेली असते. बटणाची टोपी हाताने सरळ वर ओढायची, कीबोर्ड स्पेसबार वरच्या बाजूला येईल असा उभा धरायचा, म्हणजे स्प्रिंग भोकाच्या मधोमध येते, आणि टोपी पुन्हा दाबून बसवायची. याला पाना लागत नाही, पडदा लागत नाही, रुपयाही लागत नाही. हे सांगणारा माहीतगार मला भेटला तेव्हा माझा कीबोर्ड बहुधा विकला जाऊन कोणाच्या तरी टेबलावर पोहोचलाही होता.

ती जाहिरात अजून चालू आहे, फोन नंबर नवा, छायाचित्र तेच रबरी टोप्यांचे. तपासणीचे शुल्क आता 1,500 रुपये लिहिले आहे.