नाव खरं, पत्ता खोटा

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. पीएच.डी.साठी विश्वामित्रीच्या पाण्यातल्या शिसं, कॅडमियम अशा जड धातूंवर काम करते. नदीत मगरी आहेत, काठावर उतरायची सोय नाही. म्हणून दोन वर्षं कमाटी बागेजवळच्या काळा घोडा पुलावरून दोरीला बादली बांधून मी पाणी काढलं, बाटल्यांत भरलं, नायट्रिक आम्ल घालून लॅबमध्ये नेलं. त्या कामाचा पहिला पेपर, म्हणजे शोधनिबंध, एका नकली जर्नलपायी माझ्या हातून कसा गेला ते सगळं लिहिते आहे, कारण आमच्याच विभागातले आणखी दोघं त्याच जर्नलला पैसे भरायच्या बेतात होते.

यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत पीएच.डी.आधी पेपर छापायची सक्ती काढली, पण मुलाखतीत 'पेपर किती?' हे विचारतातच. अशा घाईत व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपवर जाहिरात आली. मी न तपासता पैसे भरले असं कृपा करून समजू नका. जर्नलचं नाव स्कोपस या जर्नल्सच्या मोठ्या सूचीत होतं. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा आठ आकडी ओळखक्रमांक, जुळत होता. संपादक मंडळातले प्राध्यापक खरे होते. सगळं तपासलं, फक्त ती वेबसाइट त्या जर्नलचीच आहे का, एवढं पाहायचं राहिलं.

चौथ्या दिवशी पेपर स्वीकारल्याची मेल आली. परीक्षकाचा अभिप्राय दोन ओळींचा: काम चांगलं आहे, इंग्रजी एकदा पाहून घ्या. तिथेच मी थांबायला हवं होतं. चार दिवसांत कोणी कोष्टकंसुद्धा नीट वाचत नाही. फी सोळा हजार, तीही एका माणसाच्या नावाच्या यूपीआयवर. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, आज भरलंत तर याच अंकात येईल." बाबांनी पोस्टातली आरडी मोडून पैसे दिले.

पेपर साइटवर दिसल्यावर गाईड मॅडमना दाखवला. त्यांना पानाची मांडणी खटकली. लायब्ररीतल्या काकांनी त्या जर्नलचा जुना बांधीव खंड काढून दिला. ते परदेशातल्या एका संस्थेचं, फक्त कागदावर निघणारं जर्नल होतं. आतल्या पानावरच्या पत्त्यावर लिहिलं. उत्तर आलं: आमची वेबसाइटच नाही, आम्ही फी घेत नाही, तुमचा पेपर आमच्या कुठल्याही अंकात नाही. अशा नकलेला क्लोन किंवा हायजॅक्ड जर्नल म्हणतात. ज्यांची स्वतःची साइट नाही अशी जुनी जर्नल्स हे लोक हेरतात. डोमेन कधी नोंदवलं ते नंतर पाहिलं, तर आठच महिन्यांपूर्वी.

पैसे गेले ते गेलेच. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तोवर एकोणीस दिवस उलटले होते, खातं रिकामं झालेलं. तुमच्यावर वेळ आली तर त्याच तासाला फोन करा, रक्कम गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

पण खरा फास पुढे होता. पेपर काढून टाका म्हटल्यावर त्यांनी वर तीनशे डॉलर मागितले. कॉपीराइटचा फॉर्म मी सही करून दिलेला होता. आणि मजकूर नेटवर असल्यामुळे दुसरीकडे पाठवला की सॉफ्टवेअर माझंच लिखाण चोरीचं म्हणून दाखवणार.

म्हणून सांगते, साइटचा पत्ता आयएसएसएनच्या पोर्टलवरच्या नोंदीशी ताडून पाहा. मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या साइटची हायजॅक्ड जर्नल्सची यादी सगळ्यांना खुली आहे, ती बघा. स्कोपसमधल्या लिंकवरही विसंबू नका, तिथेही नकली साइटच्या लिंक घुसल्याचं उघड झालं आहे. संपादक मंडळातल्या एखाद्याला त्याच्या विद्यापीठाच्या पानावरच्या ईमेलवर विचारा, जर्नलच्या साइटवरच्या नव्हे. यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. अजूनही 'यूजीसी-केअर मान्य' म्हणून मिरवणाऱ्यापासून लांब राहा.

मी सगळी हकीकत पत्रात लिहून पेपर दुसऱ्या जर्नलला पाठवला. संपादकांनी तो परीक्षणाला घेतला. पाच महिन्यांनी दोन परीक्षकांची मिळून सात पानं आली. पहिलीच शंका तिसऱ्या कोष्टकाची: मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम पडलंय, म्हणजे शिसं हजारपट दिसतंय. तेच कोष्टक त्या नकली साइटवर अजून तसंच आहे.