पाइनच्या कुंपणाला वाळवी-बुरशीचं औषध: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

सोसायटीच्या बागेतलं कुंपण आणि अवजारांची शेड, दोन्ही पाइनचं. एप्रिलमध्ये शेडचं दार सोडून बाकी सगळ्याला सॉल्व्हंटमधल्या (थिनरसारख्या द्रावकातल्या) पारदर्शक औषधाचे दोन हात दिले. निम्म्या कुंपणावर वरून रंगीत वुड स्टेनही (लाकडात मुरणारा रंग) मारला.

नोव्हेंबरमध्ये पाहिलं तर वाळवी कुठेच नाही, फळ्याही टणक. पण नुसतं औषध लावलेला भाग राखाडी पडलाय आणि त्याला केसांएवढ्या चिरा गेल्यात. त्यात औषधाचा दोष नाही. औषध लाकूड बुरशीला आणि किड्यांना विषारी करतं, ऊन आणि पाणी अडवणं हे त्याचं काम नाही. ऊन अडवतं ते स्टेनमधलं रंगद्रव्य, म्हणून स्टेनचा भाग अजून तांबूस आहे. शेडच्या दाराला फक्त व्हार्निश होतं. जोडांतून पाणी आत शिरलं, पापुद्रे सुटले, आता खरवडल्याशिवाय पुढचा हात देता येणार नाही. अळशीचं तेल सुचवणारे बरेच भेटतात. मुंबईच्या जुलैत त्यावर काळी बुरशी हमखास धरते.

बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स (1 भागाला 1.5 भाग, पाण्यात) स्वस्त आणि चांगलं, पण छपराखालीच. उघड्यावर पावसाने धुऊन जातं.

खरी गोम कापलेल्या टोकांत आहे. लाकूड बाजूंपेक्षा टोकांतून कितीतरी जास्त पाणी पितं, त्यामुळे कुजायला सुरुवातही तिथूनच. फळीची टोकं ब्रशने भागवू नका. डब्यात तीन-चार इंच औषध घेऊन रात्रभर उभी ठेवा. रंधलेल्या फळीला लिटरमध्ये एका हाताला साधारण 8 ते 10 चौरस मीटर होतात, करवतीच्या खरखरीत फळीला त्याच्या निम्मेच, तेव्हा डबे त्या हिशेबाने घ्या. आधी पाण्याचा थेंब टाकून बघा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर जुनं पॉलिश शिल्लक आहे, औषध मुरणार नाही.

खांब थेट मातीत किंवा काँक्रीटच्या खड्ड्यात रोवाल तर ब्रशने लावलेलं कुठलंच औषध पुरत नाही. जमिनीच्या रेषेपाशी ओल आणि हवा दोन्ही मिळतात, खांब तिथेच मोडतो. गॅल्व्हनाइज्ड शू (खांबाच्या तळाला बसणारी जस्त चढवलेली लोखंडी बैठक) लावून खांब दोन इंच वर घ्या, नाहीतर वखारीतून प्रेशर ट्रीटमेंट केलेलाच (दाबाने औषध आत मुरवलेला) आणा. त्यात तांबे-क्रोम-आर्सेनिक असेल तर भाजीच्या वाफ्याला वापरू नका आणि तुकडे शेकोटीत अजिबात नकोत. अमेरिकेत घरगुती कामासाठी ते 2003 अखेर बंद झालं. असा खांब कापलात तर कापलेल्या तोंडाला पुन्हा औषध हवंच.

बंद शेडमध्ये सॉल्व्हंटचा वास बराच काळ रेंगाळतो. बियाणं तोवर बाहेर ठेवा. ही औषधं बहुधा माशांनाही घातक असतात, म्हणून जवळ कमळाचं टाकं असेल तर ब्रश धुतलेलं थिनर त्या बाजूला ओतू नका. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, साध्या लोखंडाचे पहिल्याच पावसात फळीवर काळे ओघळ सोडतात.