ट्रेकिंग क्लबसाठी डिस्कोर्स: आठ महिने वापरल्यावर

डिस्कोर्स हे चर्चामंच चालवायचं सॉफ्टवेअर, क्लबचा खाजगी 'कट्टा' त्यावरच चालतो. ते बसवणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. उबंटूचं कोरं सर्व्हर-यंत्र घ्यायचं, डिस्कोर्सची डॉकरवाली (सगळं एका बंद डब्यात, म्हणजे 'कंटेनर'मध्ये, चालवणारी) अधिकृत आवृत्ती उतरवायची आणि 'डिस्कोर्स-सेटअप' चालवायचं. ते डोमेन, ॲडमिनचा ईमेल आणि एसएमटीपीचे (मेल पाठवणाऱ्या सेवेचे) तपशील विचारतं, आणि अर्ध्या-पाऊण तासात पान उघडतं. नुसत्या आयपी पत्त्यावर मात्र चालत नाही, डोमेन लागतंच. क्लबच्या आधीच्या डोमेनचं 'कट्टा' असं सबडोमेन काढलं तरी पुरतं. नंतर वेळ खातात त्या दोन गोष्टी: मेल पोचवणं, आणि 'खाजगी' म्हणजे नक्की किती खाजगी हे ठरवणं.

आधी यंत्राबद्दल. 1 जीबी रॅम आणि 2 जीबी स्वॅपवर (मेमरी म्हणून वापरलेली डिस्क) चालतं असं सांगतात, आणि रोजच्या वापरात चालतंही. अडतं ते 'लाँचर रीबिल्ड ॲप'च्या वेळी, म्हणजे सगळं नव्याने बांधताना. जावास्क्रिप्टच्या फायली तयार होताना मेमरी संपते, प्रक्रिया मधेच मरते, आणि पडद्यावर येणाऱ्या चुकीवरून मेमरीचा पत्ताही लागत नाही. सरळ 2 जीबीचं यंत्र घ्यावं. महिन्याला 12 डॉलरच्या आसपास पडतं, म्हणजे दीडशे सदस्यांत वाटलं तर माणशी दहा रुपयांच्या आत. डिस्कवर 5 जीबी मोकळी जागा नसेल तर लाँचर काम सुरूच करत नाही. दर रीबिल्डनंतर डॉकरच्या जुन्या 'इमेज' (प्रणालीच्या साठवलेल्या प्रती) मागे राहतात, त्यामुळे 'लाँचर क्लीनअप' अधूनमधून चालवावं लागतं. ब्राउझरमधलं अपडेटचं बटण बहुतेक वेळा पुरतं, तरी काही महिन्यांनी एकदा एसएसएचने (दुरून कमांड देण्याच्या वाटेने) सर्व्हरच्या आत शिरून रीबिल्ड करावं लागतंच. हे करणारा एक तरी माणूस क्लबात नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आता मेल. नोंदणी, आमंत्रण, पासवर्ड बदलणं, सूचना, सगळं मेलवर चालतं. मेल बंद म्हणजे कट्टा बंद. क्लाउड कंपन्या बहुधा मेल बाहेर जाण्याचं दार, म्हणजे पोर्ट 25, अडवतात, काही 587सुद्धा. अशा वेळी मेलसेवा 2525 देत असेल तर तो वापरावा. एसएमटीपीच्या पासवर्डात हॅशचं चिन्ह असेल तर 'ॲप.वायएमएल' या सेटिंगच्या फाइलमध्ये घोटाळा होऊ शकतो, त्यामुळे पासवर्ड अवतरणचिन्हांत टाका किंवा बदलून घ्या. त्याच फाइलमध्ये टॅब दाबला तरी सगळं कोसळतं, तिथे स्पेसच हवी. एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे याची खूण) या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये घातल्याशिवाय आमंत्रणं पाठवू नका. एकदा शंभर आमंत्रणं स्पॅममध्ये गेली की 'मला काही आलंच नाही' असे फोन महिनाभर येतात. पहिल्या ॲडमिनलाच मेल आला नाही तर कंटेनरमध्ये जाऊन 'रेक ॲडमिन:क्रिएट'ने खातं करता येतं, आणि 'डिस्कोर्स-डॉक्टर' चाचणीचा मेल पाठवून अडलंय कुठे ते दाखवतो.

खाजगीपणाची पहिली दोन बटणं सगळ्यांना सापडतात: 'लॉगिन रिक्वायर्ड' आणि 'इन्व्हाइट ओन्ली'. ती चालू केली की बाहेरच्याला लॉगिनचं पान सोडून काही दिसत नाही. पुढची फट मात्र फारजणांच्या लक्षात येत नाही. चित्रं सर्व्हरवरच साठवली असतील तर फोटोचा थेट पत्ता ज्याच्या हाती लागेल त्याला तो लॉगिनशिवाय उघडता येतो. पत्ता लांबलचक असतो, अंदाजाने सापडणार नाही, पण कुणी कॉपी करून बाहेर पाठवला तर कुलूप नाही. लॉगिन नसलेल्यांना डाउनलोड बंद करणारी वेगळी सेटिंग आहे, ती पीडीएफसारख्या जोडण्यांना लागू होते, चित्रांना नाही. चित्रं खरोखर बंदिस्त हवी असतील तर 'सिक्युअर अपलोड्स' लागतं, आणि त्यासाठी एस3 पद्धतीचं (ॲमेझॉनसारखं बाहेरचं) स्टोरेज. ट्रेकच्या फोटोंना एवढी तजवीज लागत नाही. पण वैद्यकीय फॉर्म किंवा आधार कार्डाचा फोटो कट्ट्यावर मागू नये, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून टाकावा.

दुसरी फट सूचनांच्या मेलची. त्यात पोस्टचा मजकूर जसाच्या तसा जातो. तो जायला नको असेल तर 'प्रायव्हेट ईमेल' चालू करावं, पण मग साप्ताहिक गोषवाराही बंद होतो, आणि ज्येष्ठ सदस्य त्या गोषवाऱ्यावरूनच आत येतात. इथे गोषवारा ठेवला. तिसरी गोष्ट सदस्यांना स्पष्ट सांगावी अशी: ॲडमिनला खाजगी संदेश वाचता येतात. ॲडमिन दोनच ठेवा आणि दोघांना टू-फॅक्टर (पासवर्डासोबत दुसरा कोड) सक्तीचं करा.

आमंत्रण शक्यतो एकेका ईमेलला बांधलेलं द्यावं. खुली लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की ती मेव्हण्यापर्यंत जाते. टाकायचीच असेल तर वापराची संख्या आणि मुदत घालून टाका. वर्गणी थकलेल्याला निलंबित करण्यापेक्षा 'चालू सदस्य' नावाचा गट करून विभागांची परवानगी त्या गटाला द्यावी. विभागाच्या परवानगीतून 'एव्हरीवन' काढायला विसरू नका, नाहीतर गट नावालाच उरतो. वर्गणी आली की नाव गटात, एवढंच.

सुरुवातीचे ठरावीक सदस्य होईपर्यंत डिस्कोर्स 'बूटस्ट्रॅप' अवस्थेत असतं आणि येणाऱ्याला थेट विश्वास पातळी 1 (सदस्याला किती मुभा याची पायरी) देतं. त्यानंतर आमंत्रणाशिवाय आलेला नवा माणूस पातळी 0वर येतो, म्हणजे एका पोस्टमध्ये एकच फोटो आणि दोनच लिंक. असा नवा सदस्य कळसूबाईचे बारा फोटो टाकायला जातो आणि अडकतो, आधीच्यांना तर हे कधी जाणवलेलंच नसतं. हे बंधन स्पॅमवाल्यांसाठी आहे. आमंत्रितांना मुळातच पातळी 1 मिळते, ती सेटिंग तशीच ठेवा, आणि बाकीच्यांचीही सुरुवातीची पातळी 1 करून टाका.

जीपीएक्स फायली (जीपीएसने नोंदवलेल्या वाटा) मुळात घेतल्याच जात नाहीत, परवानगीच्या यादीत 'जीपीएक्स' हाताने घालावं लागतं. जोडणीची मर्यादा सुरुवातीला 4 एमबी असते. वाटेच्या नोंदीला ती भरपूर होते, स्कॅन केलेल्या नकाशाला कमी पडते.

मराठीची गंमत वेगळीच. उत्तर किमान 20 अक्षरांचं आणि शीर्षक किमान 15चं हवं, ही सुरुवातीची अट. काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजूनही 'हरिश्चंद्रगड' 12च भरतो, म्हणून शीर्षक नाकारलं जातं. 'मी येतोय' 8 भरतं, तेही नाकारलं जातं, मग लोक पुढे टिंबं टिंबं मारत बसतात. उत्तराची अट 2 आणि शीर्षकाची 5 केल्यावर कटकट संपली. 'हरिश्चंद्रगड: पाचनई मार्ग, पाणी कुठे' असं सविस्तर शीर्षक लिहायची सवय नियमाने लागली नाही, दोन जाणत्यांनी तसं लिहायला सुरुवात केल्यावर लागली. मराठी शीर्षकाच्या लिंकमध्ये नावाऐवजी नुसता 'टॉपिक' आणि आकडा येतो. 'एन्कोडेड' पर्याय निवडला तर व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या चिन्हांची तीन ओळींची माळ उतरते, तेव्हा 'टॉपिक'च बरा. लॉगिनसक्तीमुळे लिंकच्या झलकेत विषय दिसत नाही, तो शेजारी हाताने लिहावा. युजरनेम रोमनमध्येच असतं (देवनागरीची सेटिंग आहे, पण मुळात बंद असते). पूर्ण नाव देवनागरीत घेऊन पोस्टवर तेच पुढे दिसेल असं करून घ्या.

आयफोनवर सूचना हव्या असतील तर आयओएस 16.4 किंवा पुढचं लागतं, आणि पान होम स्क्रीनवर घ्यावं लागतं. नुसत्या सफारीत सूचना येत नाहीत. अँड्रॉइडच्या क्रोमवर एका होकारात काम होतं. पासवर्ड विसरणाऱ्यांना 'ईमेलवर लॉगिन लिंक' शिकवा.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद झालेला नाही, व्हायलाही नको. 'बस शिवाजीनगरहून सुटली' हे तिथेच शोभतं. वाटांची माहिती, सामानाच्या याद्या, कोण येणार याचं मतदान आणि हिशेब कट्ट्यावर. राजगडाचा चोर दरवाजा पावसात कसा आहे, हे दर जूनला नव्याने टाइप करावं लागत नाही, ही आठ महिन्यांतली सगळ्यात मोठी कमाई.

बॅकअप आपोआप होतो, सुरुवातीच्या सेटिंगनुसार सात दिवसांनी एकदा, आणि शेवटचे पाच ठेवले जातात. पण ते त्याच यंत्रावर असतात. यंत्र गेलं की बॅकअपही गेला. तो रोजचा करून बाहेर दुसरीकडे उतरवून ठेवा, आणि वर्षातून एकदा तरी कोऱ्या यंत्रावर 'रिस्टोअर' करून बघा. नव्या यंत्रावरची आवृत्ती बॅकअपच्या आवृत्तीपेक्षा जुनी असेल तर ते होत नाही, म्हणून आधी अपडेट, मग रिस्टोअर.