नोंदणी की राज्य परवाना? घरगुती फराळ आणि मसाले विकणाऱ्यांसाठी

चिवडा, चकली, मेतकूट, कांदा-लसूण मसाला पाकिटात भरून विकायचं ठरलं की पहिला फाटा इथेच फुटतो: अन्नसुरक्षा कायद्याखाली साधी नोंदणी करायची की थेट राज्य परवाना काढायचा? बाजारात दोन्हींना ‘फूड लायसन’च म्हणतात. फरक नंबरात कळतो. चौदा आकडी नंबर २ने सुरू झाला तर नोंदणी, १ने सुरू झाला तर परवाना.

दोन्हींमधली रेघ उलाढालीवर आखलेली असते. २०११च्या नियमावलीत ती वर्षाला १२ लाखांवर होती, शिवाय छोट्या उत्पादकाच्या व्याख्येत दिवसाला १०० किलोंची क्षमता होती. शुल्क नोंदणीला वर्षाला १०० रुपये, तर दिवसाला एक टनापर्यंत माल काढणाऱ्या परवानाधारकाला ३,०००. असे आकडे बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी फॉस्कॉसवर, म्हणजे हे अर्ज जिथे भरतात त्या सरकारी पोर्टलवर, काय दिसतं ते धरा. रेघेच्या वर असाल तर निवड उरतच नाही, परवानाच काढायचा. अडतात ते खालचे. धंदा नवा असला की उलाढाल अंदाजानेच लिहायची असते, आणि एजंट हमखास म्हणतो, “उद्या वाढणारच आहे, आत्ताच परवाना काढून टाका.”

त्याचं म्हणणं अगदीच फोल नाही. मोठी दुकानं आणि वितरक बऱ्याचदा १ने सुरू होणारा नंबर मागतात. शिवाय नोंदणीवरून परवान्यावर गेलात की नंबर बदलतो आणि छापून ठेवलेले हजारो पाऊच रद्दीत जातात. यावर उपाय स्वस्त आहे: पाऊचवर फक्त नाव आणि चित्र छापा, नंबर, वजन, किंमत आणि तारीख स्टिकरवर घ्या.

कागदपत्रांत दोन्हींची तुलनाच नको. नोंदणीला फॉर्म ए, फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा. संध्याकाळी बसून अर्ज भरून होतो. परवान्याला फॉर्म बीबरोबर मीटरमध्ये मापं टाकलेला जागेचा नकाशा, यंत्रांची क्षमतेसह यादी, पाण्याचा प्रयोगशाळा-अहवाल, अन्नसुरक्षा व्यवस्थापन आराखडा, माल परत बोलावण्याची योजना. अर्ज अडकतो तो बहुधा नकाशावर. कच्चा माल ज्या दाराने येतो त्याच दाराशी तयार माल ठेवलेला दाखवला, की अधिकाऱ्याची लेखी शंका आलीच. शंकेला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. दुसरी नेहमीची चूक प्रवर्गाची, म्हणजे अर्जात पदार्थाचा गट निवडण्याची: चिवडा-चकली १५व्या प्रवर्गात, मसाले १२व्यात, आणि अर्ज भरणारा सगळंच एकाखाली टाकून मोकळा होतो.

पण हे सगळं एकदाच करायचं असतं. माझ्यासाठी पारडं झुकलं ते परवाना हातात आल्यानंतरच्या एका अटीने. उत्पादकाला आपल्या मालाची सहा महिन्यांतून किमान एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करून अहवाल पोर्टलवर चढवावा लागतो. चार पदार्थ म्हणजे चार नमुने, वर्षाला आठ अहवाल. आणि प्रयोगशाळेचं बिल चाचण्यांच्या संख्येवर होतं, तुमच्या विक्रीवर नाही. महिन्याला दहा किलो मेतकूट विकणाऱ्याला आणि दहा टन विकणाऱ्याला जवळपास तेवढाच खर्च. मोठ्याला तो जाणवतही नाही, छोट्याचा मेतकुटातला नफा त्यात जातो. जोडीला दरवर्षी ३१ मेपर्यंत डी-१, म्हणजे वर्षभरात काय बनवलं-विकलं त्याचं विवरणपत्र भरायचं, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये. आणि उत्पादनावर देखरेखीला विज्ञानाची पदवी किंवा अन्नतंत्रज्ञानाची पदवी-पदविका असलेली व्यक्ती हवी. घरात तीन माणसं चकल्या पाडत असताना ही पदवी कोणाची दाखवणार?

म्हणून रेघेच्या खाली असेपर्यंत नोंदणीच बरी, असं मला वाटतं. मीही तीच निवडली. मात्र नोंदणी म्हणजे सूट असं कोणी समजू नये. मालाची मानकं दोघांना सारखीच, आणि अन्नसुरक्षा अधिकारी नोंदणीवाल्याचाही नमुना उचलू शकतो. मिरची पुडीत ओलावा ११ टक्क्यांच्या आत लागतो; पावसाळ्यात दळलेली पूड ढिल्या सीलमधून ओल धरते. सील ढिलं राहतं ते बहुतेक वेळा भरताना पाऊचच्या तोंडाशी पूड चिकटल्यामुळे. मशीनचं तापमान वाढवून फरक पडत नाही. आधी तोंड कोरड्या फडक्याने पुसावं, मग सील मारावं. दर घाण्यातला एक पाऊच पाण्याखाली दाबून बघा, बुडबुडे आले तर तो घाणा पुन्हा भरा. विक्री सुरू करण्याआधी स्वखुशीने प्रत्येक पदार्थाची एक तपासणी करून घेतलीत तर उत्तम.

पोळी-भाजी केंद्र किंवा डबे असतील तर माझा हा कल एवढा ठाम नाही. खानपान सेवेला डी-१ भरावं लागत नाही, परवान्याचं शुल्कही २०११च्या कोष्टकात २,००० होतं. तिथे थेट परवाना घेणाऱ्याला मी अडवणार नाही.

नोंदणी घ्या वा परवाना, पाकीटबंद माल विकणाऱ्याच्या हातून हमखास सुटतं ते वैधमापन, म्हणजे वजन-मापांचं खातं. पाकिटं भरायला लागल्यापासून ९० दिवसांत तिथे आवेष्टक (पॅकर) म्हणून वेगळी नोंदणी करायची असते. शॉप अ‍ॅक्टसाठी कामगार थोडेच असतील तर फक्त ऑनलाइन सूचना पुरते. आणि ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर २०० ग्रॅम मोजता त्याचं मुद्रांकन, म्हणजे तपासून शिक्का मारणं, त्याच खात्याकडून दरवर्षी करून घ्यावं लागतं. स्वयंपाकघरातला हजार-दीड हजारांचा काटा तिथे चालत नाही.