मॅकरिना, बर्डी, केचप: कोणतं गाणं लावावं आणि कुठे कापावं

हळद, संगीत, सोसायटीची थर्टी फर्स्ट, शाळेचं गॅदरिंग. अशा ठिकाणी 'सगळे एकदम नाचतील असं काहीतरी लावा' अशी फर्माईश आली, की डीजेच्या पेनड्राइव्हमधून तीच चार-पाच परदेशी गाणी निघतात. त्यातली दोन खरोखर कामाची आहेत. बाकीची नावावर चालतात.

आधी मॅकरिना. फाइल कोणती आहे ते पहिल्यांदा तपासा, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. लोस देल रिओ ही स्पेनमधल्या सेव्हिलजवळच्या दोस एर्मानासची जोडी, अंतोनिओ रोमेरो आणि राफाएल रुईझ. त्यांचं १९९३चं मूळ गाणं म्हणजे स्पॅनिश रुम्बा. घरात ऐकायला झकास, पण लॉनवरच्या मोठ्या स्पीकरवर त्याला अंग नाही. लोक दोन ओळी ऐकतात आणि 'हे ते नाही वाटतं' म्हणून खुर्चीकडे वळतात. जग नाचलं ते मायामीच्या बेसाइड बॉईजच्या रिमिक्सवर. त्यात इंग्रजी कडवी आहेत, ठोक्याला वजन आहे आणि मध्येच बाईचं ते प्रसिद्ध हसू येतं. १९९६मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं ते हेच. ॲपवर शोधताना कलाकाराचं नाव नीट वाचा. 'ट्रिब्यूट' किंवा 'पार्टी हिट्स' नावाखाली भलत्यांनीच गायलेल्या नकला ढिगाने आहेत. याच जोडीची एक नाताळ आवृत्तीही आहे, आणि ती चुकून हळदीत वाजली की मंडपात जी शांतता पसरते ती विचारू नका.

गाण्याची खरी ताकद त्याच्या मोजणीत आहे. एक फेरी १६ ठोक्यांची. उजवा हात पुढे, तळवा खाली, मग डावा. उजवा तळवा वर, डावा वर. उजवा हात डाव्या खांद्यावर, डावा उजव्या. उजवा डोक्यामागे, डावा डोक्यामागे. उजवा डाव्या कमरेवर, डावा उजव्या कमरेवर. उजवा मागे उजव्या बाजूला, डावा डाव्या बाजूला. हे झाले १२. मग तीन ठोके कंबर हलवायची आणि सोळाव्याला उडी मारून पाव वळण. वेग मिनिटाला साधारण १०३ ठोके, म्हणजे एक फेरी नऊ-साडेनऊ सेकंदांची आणि चार फेऱ्यांत माणूस परत स्टेजकडे तोंड करून उभा. कडवं असो वा ध्रुवपद, मोजणी तीच राहते. त्यामुळे उशिरा आलेला पाहुणा पुढच्या फेरीला सहज घुसतो. एखाद्या काकूंना मागे हात न्यायला संकोच वाटला आणि त्यांनी तो कमरेवरच ठेवला, तरी काही बिघडत नाही.

गडबड होते ती वळताना. अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे वळतात आणि पुढच्याच ठोक्याला समोरासमोर येऊन हसत थांबतात. गाणं सुरू होण्याआधी माइकवरून 'सगळे डावीकडे' एवढं सांगितलं की काम झालं. माणसांमध्ये हातभर अंतर हवं. ओल्या लॉनवर किंवा गुळगुळीत फरशीवर उडी गाळून नुसतं वळायला सांगा. गाणं पूर्ण वाजवू नका. अडीच मिनिटांनंतर तोचतोचपणा जाणवतो, तेव्हा आवाज उतरवून पुढच्या गाण्यावर जा.

शाळेसाठी एक सूचना. गाण्यातली मॅकरिना प्रियकर सैन्यात भरती होत असताना त्याच्याच दोन मित्रांबरोबर मजा करते. स्पॅनिश कोणाला कळत नाही म्हणून ते खपून जातं, पण रिमिक्समधली इंग्रजी कडवी पालकांना कळतात. तिसरीच्या मुलांना पूर्ण स्पॅनिश आवृत्ती द्या. स्टेप्स त्याच राहतात.

बर्डी डान्सला भाषेची अडचणच नाही. दावोसचे स्विस ॲकॉर्डियनवादक वेर्नर थॉमस यांची ही धून. ब्रिटनमध्ये १९८१ साली द ट्वीट्सच्या आवृत्तीने दुसरा क्रमांक गाठला. चोच चार वेळा, पंख चार वेळा, शेपूट चार वेळा, टाळ्या चार. हे चक्र चारदा झालं की जोडीदाराच्या हातात हात अडकवून गोल फिरायचं. गोव्यातल्या आणि वसईकडच्या ख्रिस्ती लग्नांत हे हमखास वाजतं, आणि जिवंत बँड असेल तर लय मुद्दाम चढवत नेतात. पाच वर्षांच्या नातीपासून आजोबांपर्यंत सगळे उतरतात, असं दुसरं गाणं सापडणं कठीण. 'शेपटी'ला खाली बसत जायचं असतं. गुडघे दुखणाऱ्यांनी उभ्यानेच हलावं.

लास केचपचं २००२चं गाणं मात्र नावापुरतं. कोर्दोबाच्या या बहिणी गातात छान, वडील एल तोमाते या नावाने ओळखले जाणारे फ्लेमेंको गिटारवादक, म्हणून मुली 'केचप'. ध्रुवपदातली ती अगम्य बडबड म्हणजे शुगरहिल गँगच्या 'रॅपर्स डिलाइट'चं ऐकीव, वेडंवाकडं रूप. अडचण अशी, की ठरलेल्या स्टेप्स फक्त ध्रुवपदाला आहेत. हात एकमेकांवरून फिरवणं, अंगठा खांद्यावरून मागे, कपाळाशी हात आणि गुडघे आत-बाहेर, तेही भरभर. कडव्यांत मंडळी नुसती डुलत उभी राहतात आणि पांगतात. लावायचंच असेल तर ध्रुवपदाच्या जरा आधी सुरू करा आणि दुसऱ्या ध्रुवपदाला बंद.

ब्लॅक लेसचं १९८३चं 'सुपरमॅन' कमी लोकांना माहीत आहे, पण सूत्रसंचालक चांगला असेल तर जरूर घ्या. मूळ इटालियन, गायक हुकूम सोडतो आणि आपण नक्कल करायची: झोपा, हात हलवा, शिंका, पोहा, केस विंचरा, शेवटी सुपरमॅन. स्टेप्स पाठ असण्याची गरज नाही. मात्र गर्दीत ते इंग्रजी हुकूम नीट ऐकू येत नाहीत. समोर एक जण करून दाखवणारा उभा करा, आणि त्याला गाणं आदल्या दिवशी दोनदा ऐकवून ठेवा.