नंबर न देता चालणारं सेशन ॲप, भावकीच्या भिशीत लावून बघितलं

आमच्या भावकीची भिशी आहे, ११ घरं, निम्मी बेळगावात शहापूर-अनगोळला, बाकी खानापूर तालुक्यात आणि एक चुलतभाऊ कोल्हापुरात. मागच्या वर्षी ग्रुपातनं सगळ्यांचे नंबर कुठंतरी बाहेर गेले आणि लोन पाहिजे का लोन म्हणून दिवसाला पाच-सहा फोन, आत्याला तर एकजण कन्नडात आणि दुसरा हिंदीत, ती दोघांनाही मराठीत शिव्या घालूलती. मग म्हटलं नंबरच लागणार नाही असं काहीतरी बघूया की.

व्हॉट्सॲप पण एन्क्रिप्टेडच आहे की (म्हणजे मेसेजला कुलूप, पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणी वाचू शकत नाही) म्हणाल, तर होय, २०१६ पासून सगळीकडं आहे आणि तेही सिग्नल नावाच्या ॲपच्याच प्रोटोकॉलवर, म्हणजे कुलूप लावायच्या पद्धतीवर. पण आमची भानगड मेसेज कोण वाचतंय ही नव्हतीच, नंबरची होती. सिग्नलमध्ये २०२४ पासून युजरनेम आलंय, नंबर लपवता येतो, तरी अकाउंट काढताना द्यावा लागतोच आणि सगळा कारभार एकाच संस्थेच्या सर्व्हरवर. ब्रायर नावाचं मेसेजचं ॲप मला मनापासून आवडलेलं, नेट नसलं तरी ब्लूटूथवर चालतं, जांबोटीकडं रेंज गेली की बरं वाटतं, पण ब्लूटूथ जाऊन जाऊन जाणार कुठं, सोप्यातनं परड्यापर्यंत! शिवाय ते आणि एलिमेंट हे तसलंच दुसरं ॲप, दोन्ही मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं बंद केलेल्या १४ ॲपांच्या यादीत होते, म्हाताऱ्या माणसांना त्यात कशाला ओढायचं. सिम्पलेक्स ॲपमध्ये तर आयडीच नाही, प्रत्येक माणसाला वेगळी लिंक, ११ घरांना हे समजावत बसलो तर भिशी राहिली बाजूलाच.

म्हणून सेशन. नंबर नको, ईमेल नको, नाव टाकलं की ६६ अक्षरांचा आयडी मिळतो. तो काय कुणी पाठ करणार नाही, क्यूआर दाखवायचा. मेसेज तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरांतनं फिरून जातो, म्हणजे बेळगावचं पार्सल हत्तरगीला एकाच्या हातात, संकेश्वरला दुसऱ्याच्या, निपाणीत तिसऱ्याच्या, आणि कुठनं निघालं नि कुणाला चाललंय हे दोन्ही एकालाही माहीत नाही. समोरचा रेंजमध्ये नसला तर मेसेज १४ दिवस नेटवर्कवर थांबतो, हे आमच्या कणकुंबीच्या काकांना एकदम फिट. पण एवढं फिरून जाणार म्हटल्यावर व्हॉट्सॲपसारखं टचकन होणार नाही, त्याची तयारी ठेवा. नोटिफिकेशन लगेच पाहिजे असली तर फास्ट मोड लावायचा, मात्र त्यात अँड्रॉइडवर गूगलचा सर्व्हर मधे येतो. कॉलचं वेगळंच, तो थेट जोडला जातो म्हणून समोरच्याला तुमचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, दिसू शकतो. मी कॉल बंदच ठेवलाय, बोलायचं असलं तर साधा फोन आहे की. अजून एक, सिग्नलमध्ये मेसेजची किल्ली सारखी बदलत असते, म्हणजे एक किल्ली कुणाच्या हाती लागली तरी जुने सगळे मेसेज उघडत नाहीत, सेशननं स्वतःचा प्रोटोकॉल आणताना ती सोय काढली. भिशीला चालतंय, पत्रकार वगैरे असाल तर सिग्नलच बघा. माझ्याकडनं पाचपैकी साडेतीन.

आणि हो, कुठलंही ॲप घ्या, स्क्रीनशॉट काढून सोयऱ्याला पाठवणारी वहिनी असली तर एन्क्रिप्शन काय करणार तिथं!

आता खरी गंमत. अकाउंट काढलं की १३ इंग्रजी शब्द देतात, फोन बदलला तर तेच टाकून अकाउंट परत मिळतं, ते गेले तर विचारायला ऑफिस नाही, कस्टमर केअर नाही, काय नाही. मी आत्याचे १३ शब्द नीट बॉलपेननं कॅलेंडरच्या पानामागं लिहून दिले. महिना संपला, आत्यानं पान फाडलं, त्यात भडंग बांधून पोराला दिलं. पुढच्याच आठवड्यात फोन पाण्याच्या घागरीत.

११ पैकी ७ घरं आता सेशनवर, बाकीच्यांना फोनवर हप्ता सांगतोय. रविवारी आत्याकडं जाऊलोय, नवीन आयडी काढून क्यूआर स्कॅन करतो, आणि यावेळी शब्द ट्रंकेच्या झाकणाला आतनं चिकटवूनच येतो.